नायक श्रावण आणि बावीस गुलाबी सदरे

गेल्या महिन्यात माझ्या भावाची नात मिताली पुण्याहून आली ती छातीवर एक गोरा शिपाई घेऊन. म्हणजे तिच्या टी-शर्टवर त्याचा फोटो होता, मिशा, टोपी, बिल्ले सगळं, आणि खाली इंद्रधनुष्याचे पट्टे. मी विचारलं, हा कोण बुवा? तर ती वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, म्हाताऱ्या माणसाला धक्का बसू नये अशा बेतानं हळूहळू सांगू लागली. हा कुठल्याशा परदेशातला शिपाई. लढाईत गाजला, पदकं मिळवली आणि मग स्वतःहून आपल्या साहेबाला जाऊन म्हणाला की मला पुरुष आवडतात. सैन्यानं काढून टाकलं. आता त्याच्या मानासाठी लोक असे शर्ट घालून मिरवणुकीत चालतात. "आत्याआजी, तुला कळतंय ना मी काय म्हणते ते?" मी पोळी लाटत होते. म्हटलं, कळतंय की. आम्ही असे बावीस शिवले होते. तुझा बाप तेव्हा जन्मलासुद्धा नव्हता. तिच्या हातातला चहा तसाच राहिला. त्या दिवसापासून ती रोज फोन करून "लिहिलंस का, लिहिलंस का" म्हणते, म्हणून हे लिहायला घेतलं आहे. माझं अक्षर चांगलं आहे, गुडघे तेवढे वाईट आहेत.

पवनारहून पुढे धाम नदीच्या काठाकाठानं गेलं की आमचं गाव लागायचं. आमच्याकडे ओलिताची थोडी जमीन होती आणि तिच्यात वांगी, पालक, मेथी आणि सांभार. कोथिंबिरीला आम्ही सांभार म्हणतो. पुण्याच्या लोकांना हे दर वेळी नव्यानं सांगावं लागतं. भाजी वर्ध्याच्या बाजारात जायची. बाबा शेतात, मोठा भाऊ नोकरीला नागपुरात, आणि माय घरी शिवणाचा क्लास चालवायची. पुढच्या खोलीत तीन मशिनी होत्या. सकाळी पंपाची मोटार भकभक करायची, दुपारी मशिनी खडखडायच्या आणि या दोन्हींच्या मधल्या वेळात मायचा आवाज असायचा. त्या आवाजाला बटन नव्हतं. जेवायला भाकर, अंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा. रविवारी पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा, इतका झणझणीत की बाबा जेवताना डोक्याला पंचा बांधून बसत. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. दहावी झाली होती, पुढे शिकवायचं की नाही याचा निकाल घरात लागत नव्हता आणि तोवर मी मायच्या क्लासात काज-बटन करत होते. मला सगळे बेबी म्हणत. आजही म्हणतात, सासष्ट वर्षांच्या बाईला.

श्रावणकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. फौजेत ट्रक चालवायचे, हुद्दा नायकाचा. मोठ्या लढाईत त्यांनी गोळीबारातून जखमी लोक भरलेली गाडी तीनदा आणली होती आणि त्याचं पदक मिळालं होतं. हे आम्हांला माहीत होतं. मात्र मुदतीच्या कितीतरी आधी ते एक लोखंडी पेटी आणि वळकटी घेऊन एसटीतून उतरले. का परत आले, हे कोणी विचारत नव्हतं. बाबा लोकांना "तब्येतीमुळे" म्हणून सांगत आणि काका तेवढ्यात समोरून पाण्याचे दोन हंडे खांद्यावर घेऊन जात. त्यांच्या येण्यानं घराची पलटण झाली. पहाटे शिट्टी वाजायची. अंथरुणाच्या घड्या चौकोनी पाहिजेत. वांग्याची रोपं दोरी धरून एका ओळीत लावायची आणि सांभाराच्या जुड्या टोपल्यात ठेवायच्या त्या सगळ्यांची तोंडं एकीकडे करून. "सावधान!" म्हणून ते जुड्यांना हुकूम सोडत आणि मी हसून लोळत असे. पातोडी ते मायपेक्षा चांगली करायचे. माय हे कबूल करत नसे, पण रविवार आला की तिचंच डोकं दुखायचं.

आणि त्यांचा तो सदरा! राणी रंगाचा, बघितला की डोळे मिटावेत असा गुलाबी बुशशर्ट. बाजाराच्या दिवशी तोच घालायचे. सायकलच्या मागे हिरवीगार टोपली, वर हा गुलाबी माणूस. धामच्या पुलावरून ते येत असले की आम्हांला आमच्या बांधावरून दिसायचे. गावात पानठेल्यावर बसलेले पोट्टे ओरडत, "काय जी फौजी, बाईचा रंग घातला का?" काका सायकल थांबवून, एक पाय टेकवून, शांतपणे म्हणत, "बाईचा असन तं बाईले इचार. मले काऊन इचारून राह्यला?" आणि घंटी वाजवत पुढे.

एकदा नदीवर आम्ही दोघं मेथी धूत होतो. पाण्यात पाय सोडून बसलो होतो आणि माझ्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं. मी विचारलं, "काका, तुमी लगन काऊन नाई करत जी?"

"कोनाशी करू?"

"बाईशी. अजून कोनाशी?"

"तिथंच तर गोम हाय पोरी," ते म्हणाले. जुडी झटकली, टोपलीत ठेवली आणि मग सगळं सांगितलं. आडपडदा नाही, आवाज खाली नाही. बाईबद्दल त्यांना तसं कधी काही वाटलंच नव्हतं. त्यांच्या पलटणीत दलीप नावाचा एक मेकॅनिक होता, सागरकडचा. त्याच्यावर यांचा जीव होता आणि त्याचा यांच्यावर. तो गुलाबी सदरा त्यानंच सुटीवरून येताना आणलेला. मग एक चिठ्ठी सापडली. अक्षर काकांचं, खाली सही काकांची, पण वर नुसतं 'मेरे यार' लिहिलेलं. "सायेब माणूस वाईट नोता. म्हने, श्रावण, मजाक होती असं लिहून दे, मी आत्ताच फाडतो. म्या म्हनलं, सायेब, खोटं बोलाचं टरेनिंग देल्लंच नाई तुमी मले. मंग म्हने, कोनाले लिहिली ते सांग. ते नाई सांगतलं." दलीप नोकरीत राहिला. काकांना घरी पाठवलं, निवृत्तिवेतनाशिवाय. पदक तेवढं परत मागायला ते विसरले, असं काका म्हणाले आणि हसले.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते खरं सांगते. मला वाटलं, एवढंच? घरात सगळे ज्या तऱ्हेनं गप्प राहत, त्यावरून मी समजत होते की काकांनी निदान एखादा खून तरी केला असेल. दुसरं जे वाटलं ते चांगलं नव्हतं: हे शेवंताला कधी एकदा सांगते! शेवंता म्हणजे माझी मैत्रीण, शेजारची, क्लासातली सर्वांत तेज पोरगी. संध्याकाळपर्यंत मी तिला सांगून टाकलं. तिनं दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाली, "म्हनूनच म्हनलं, एवढी चांगली पातोडी जमते आन् नाकावर माशी बसू देत नाई, तरी कोनी सोयरीक घेऊन काऊन येत नाई." तिच्या डोक्यात कशाचा कशाशी संबंध लागला ते तीच जाणे. पण गावात जे पसरलं ते आमच्यामुळे नव्हे, हे मी आजही शपथेवर सांगते. काकांच्याच पलटणीतला, शेजारच्या गावचा एक जण सुटीवर आला आणि वर्ध्याच्या बाजारात चहा पिता पिता त्यानं सांगितलं. तेव्हा आमच्याकडे अशा माणसासाठी धड शब्द नव्हता. शिव्या मात्र पुष्कळ होत्या आणि आठवडाभरात त्या सगळ्या आमच्या दारावरून जाऊन आल्या.

त्याच सुमारास पंधरा ऑगस्टची तयारी सुरू झाली. आमच्या सरपंचांना दोन गोष्टी फार प्रिय होत्या, कडक इस्त्री आणि माईक. त्या वर्षी त्यांनी गावातल्या माजी सैनिकांच्या सत्काराचा घाट घातला. नागपूरहून एक निवृत्त मेजर पाहुणे म्हणून बोलावले. गावात माजी सैनिक चार. यादीत नावं आली तीन. त्यातला एक तर भरती होऊन दोन महिन्यांत पाय दुखतो म्हणून परत आलेला होता, त्यालाही शाल. श्रावणकाकांचं नाव नव्हतं. बाबा विचारायला गेले तर सरपंच म्हणाले, "समजून घ्या ना जी. लेकी-सुनांचा कार्यक्रम हाय." बाबा समजून घेऊन परत आले. बाबांची सगळी हयात समजून घेण्यातच गेली होती. घरी येऊन त्यांनी काकांना सांगितलं की हिंगणघाटकडची एक मुलगी आहे, गरिबाघरची, काही विचारणार नाहीत, दिवाळी झाली की लगन लावून टाकू. "तोंडं बंद होतीन सगळ्याईची."

काका भाकरीचा घास तसाच हातात धरून म्हणाले, "आन् तिच्या जिवाचं काय, भाऊ? तिनं माह्यं काय वाईट केलं की मी तिले फसवू?"

"मंग या गावात राहू नको," बाबा म्हणाले. म्हणाले आणि लगेच पाण्याचा गडू तोंडाला लावला. बोललेलं परत गिळता येतं का, हे बघत असल्यासारखे.

"ठीक हाय. झेंड्याले सलामी देतो आन् जातो." काकांनी त्याच दुपारी माळ्यावरची पेटी काढली आणि धूळ पुसून अंगणात उन्हाला ठेवली. माय मशिनीवर बसली होती. तिनं पाय थांबवला नाही. सुईखाली कापड नव्हतं तरी ती मशीन चालवत होती.

आता इथे आमच्या क्लासचा संबंध येतो. सत्काराच्या आधी मुलींचं लेझीम होणार होतं, बावीस मुली, आणि त्यांचे सदरे शिवायचं काम सरपंचांनी मायला दिलं होतं. पांढऱ्या कापडाचं ठाण आमच्या घरात येऊन पडलं होतं. मी आणि शेवंता त्या ठाणावर बसून भुईमुगाच्या शेंगा खात होतो आणि काकांची पेटी समोर उन्हात पडली होती. कल्पना कोणाची, यावर आम्ही दोघींनी पुढे चाळीस वर्षं भांडण केलं. ती आता नाही, तेव्हा मी सांगते ते खरं धरावं लागेल: कल्पना तिची. हिंमत माझी.

राणी रंगाच्या पुड्या वर्ध्याहून आणल्या. कोणाकडून आणल्या? काकांकडूनच, "मायनं सांगतलं" म्हणून. लग्नातला मोठा गंज चुलीवर चढवला, मीठ टाकलं आणि कापड उकळलं. माय भजनाला गेली होती ती परत आली तेव्हा आमचे हात कोपरापर्यंत गुलाबी, अंगण गुलाबी, आणि बांधावरच्या कुंपणावर अख्खं ठाण वाळत पडलेलं. त्या कुंपणाला पलीकडून सरपंचांचा पांढराशुभ्र बैल पाठ घासत होता. त्याला ती ओलसर गारवा देणारी जागा फार आवडली असावी, कारण आम्ही हाकलायला पोचलो तेव्हा त्याची एक बाजू पांढरी होती आणि एक बाजू लग्नातल्या करवलीसारखी झाली होती. दोन दिवस सरपंच गावभर विचारत हिंडले, "पोळ्याले अजून टाइम हाय, माहा बैल कोनं रंगवला?"

सदरे शिवले. पाठीवर पांढऱ्या दोऱ्यानं, साखळी टाक्यानं, मोठ्या अक्षरांत भरतकाम केलं: श्रावण. सरपंच पाहणीला आले. रंग बघून त्यांच्या भुवया टोपीत गेल्या. शेवंता म्हणाली, पांढऱ्यावर चिखल उडाला तर पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही जी, म्हणून पेरूच्या आतला रंग दिला. ते त्यांना पटलं. मग त्यांनी सदरा उलटा केला.

"हे काय लिहिलं वं?"

"महिना जी," शेवंता म्हणाली. पापणी हलली नाही तिची. "पंधरा ऑगस्ट श्रावणात येते ना. पवित्र महिना."

सरपंचांनी मान डोलावली, डोलावत राहिले. "वा! आयडिया चांगली हाय. सव्वीस जानेवारीले पौष लिहजा."

ते गेल्यावर मी आणि शेवंता मशिनीखाली तोंडं लपवून हसलो. माय दारात उभी होती. तिनं ऐकलं होतं, आणि माय काही महिन्याच्या नावाला भुलणारी नव्हती. ती जवळ आली. मला वाटलं, आता कानाखाली बसते. तिनं सदरा हातात घेऊन पाठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "वरच्या अंगाले एवढी जागा काऊन सोडली?" मी म्हटलं, "तिथं अजून एक शब्द यायचा हाय." चौदा तारखेला दुपारी आम्ही बाकीच्या पोरींना बोलावून दार लावून घेतलं आणि श्रावणच्या वर 'नायक' भरायला बसलो, बाहीवर हुद्द्याच्या दोन फिती टाचायला बसलो, तेव्हा मायही सुई ओवून आमच्यात येऊन बसली. संध्याकाळी एक सदरा माझ्या अंगावर फेकून म्हणाली, "'व' वाकडा हाय. उसव. दिराचं नाव हाय माह्या, वाकडं नाई चालत."

पंधरा ऑगस्टला ऊन पडलं होतं. शाळेच्या मैदानात गाव जमलं. झेंडा वर गेला, गाणं झालं. स्टेजवर सरपंच, मेजरसाहेब आणि तीन सत्कारमूर्ती, पाच खुर्च्या. श्रावणकाका सगळ्यांच्या मागे, हापशीजवळ उभे. अंगात तो गुलाबी सदरा आणि त्यावर, मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं, पदक लावलेलं. दुपारच्या गाडीनं जायचं होतं त्यांना. आम्ही आत आलो ते अंगावर पांढरे दुपट्टे घेऊन. मी पुढे, तोंडात शिट्टी. पहिला हात झाला, दुसरा झाला. तिसऱ्या हाताला दुपट्टे कमरेला बांधून पाठ स्टेजकडे करायची होती. मी शिट्टी फुंकली, आणि बावीस पाठी फिरल्या.

नायक श्रावण. नायक श्रावण. नायक श्रावण. बावीस वेळा.

मला पाठीमागचं दिसत नव्हतं. पुढे काय झालं ते मायनं पाहिलं आणि मरेपर्यंत दर पंधरा ऑगस्टला सांगितलं. मेजरसाहेबांनी खिशातून चष्मा काढला. वाचलं. बाहीवरच्या फिती पाहिल्या. मग सरपंचांच्या कानाशी वाकून विचारलं, "हे आपल्या गावचे होते का?" लेझमांच्या आवाजात सरपंचांना काही ऐकू आलं नाही, आणि ऐकू आलं नाही की मान डोलवायची ही त्यांची जुनी सवय. मेजर उठून उभे राहिले, हात वर करून आम्हांला थांबवलं आणि माईकवर गंभीर आवाजात म्हणाले, "या गावच्या मुलींनी आपल्या वीराला जी मानवंदना दिली, तशी मी कुठे पाहिली नाही. हुतात्मा नायक श्रावण यांच्या स्मृतीसाठी सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं."

सगळं गाव उभं राहिलं. फौजी माणसानं उभं राहा म्हटल्यावर कोण बसणार? सरपंचांचं तोंड उघडं राहिलं, पण स्तब्धतेत बोलायचं कसं? आणि हापशीजवळ श्रावणकाका स्वतःच्याच श्रद्धांजलीला टाचा जुळवून, छाती पुढे काढून, सावधान उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा दगडासारखा होता, फक्त मिशीचं एक टोक थरथरत होतं. एक मिनिटभर गावात माशी उडाल्याचा आवाज आला असेल. मग बायकांमधून सयाबाईचा आवाज आला. सयाबाई गावची सुईण, कानानं कमी, म्हणून बोलायची ते डोंगरावर ऐकू जाईल असं. "अवं माय! श्रावन कवा मेला? थो काय, हापशीपाशी उभा हाय ना!"

सगळ्या माना वळल्या. पुढची गडबड मी लिहू शकत नाही, लिहिताना अजून हसू येतं. ती ओसरली तेव्हा मेजरनी हाक मारली होती आणि काका मैदान ओलांडून, चिखलातून, परेडच्या पावलानं स्टेजकडे चालले होते. पोरी दोन्ही बाजूंना सरकल्या. त्यांनी वर चढून कडक सलाम ठोकला.

"नायक, तुम्ही जिवंत आहात," मेजर म्हणाले.

"हो सायेब. माफी असावी."

हशा झाला. मेजरही हसले. पदक निरखून त्यांनी विचारलं, कोणत्या आघाडीवर होतात, काय केलंत; काकांनी सांगितलं. मग मेजर माईकवरच, सगळ्या गावादेखत, म्हणाले, "एवढा चांगला जवान. मग फौज का सोडली?"

बाबा पुढच्या रांगेत होते. त्यांनी डोळे मिटून घेतले. काकांना 'तब्येतीमुळे' म्हणता आलं असतं. मी मनातल्या मनात ओरडत होते, म्हणा, तब्येतीमुळे म्हणा. गंमत करायला निघालेल्या आम्हां पोरींना त्या क्षणी कळलं की आपण एका माणसाला कुठे नेऊन उभं केलं आहे.

"म्या नाई सोडली सायेब. मले काढलं," काका म्हणाले. "माहा एका जवानावर जीव होता. बाईवर असते तसा. ते लपवाले सांगतलं, म्या नाई लपवलं."

लाऊडस्पीकर शेतापर्यंत जात होता. त्या शांततेत सयाबाईनं शेजारणीला विचारलं, "काय म्हनला वं?" शेजारीण काहीतरी पुटपुटली. "दोस्तावर जीव होता म्हनून काढलं?" सयाबाई कडाडली, "हात मेल्याहो! पलटनीत दोस्तावर नाई ठेवाचा तं का तोफेवर ठेवाचा जीव?"

अर्धं गाव हसलं, आणि त्या अर्ध्यातल्या अर्ध्यांना नीट समजलंही नव्हतं. ज्यांना समजलं ते जमिनीकडे बघत होते. मेजरनी काकांना मिठी मारली नाही, की टाळ्याही वाजवल्या नाहीत; तसं घडलं असं सांगायला मला आवडलं असतं. त्यांनी पेल्यातलं पाणी प्यायलं, पेला ठेवला, पुन्हा एकदा पदकाकडे पाहिलं आणि विचारलं, "तीनदा गेला होतात गाडी घेऊन?"

"तीनदा सायेब."

"मग बसा." सरपंच माईक सावरायला उठले होते, त्यांची खुर्ची रिकामी होती. मेजरनी तीच पुढे ओढली. काका बसले. सरपंच कार्यक्रम संपेपर्यंत उभे राहिले, आणि लोक म्हणाले, बघा, सरपंच किती नम्र आहेत.

हे सगळं गोड झालं असं कोणी समजू नये. शेवंताच्या बापानं तिला घरी नेऊन मारलं आणि पुढचे दोन महिने क्लास बंद केला. पानठेल्यावरच्या पोट्ट्यांनी गाणं रचलं, ते मी इथे लिहिणार नाही. बाजारातली काही जुनी गिऱ्हाईकं दुसरीकडून वांगी घेऊ लागली. हिंगणघाटच्या मुलीचा निरोप आला नाही, त्याचं मात्र आमच्या घरात कोणालाच दुःख झालं नाही. बाबा त्या दिवशी घरी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. काकांनी दुपारची गाडी चुकवली होती, कारण सयाबाईनं त्यांना धरून आपल्या घरी नेलं आणि मरून परत उठलेल्या माणसाला वाढावं तसं वाढलं. ते म्हणाले, उद्या जातो. रात्री पेटी भरायला गेले तर पेटीत कांद्याचं बी होतं, गळ्यापर्यंत. बाबा ओसरीवर पाठ करून बसले होते. "उंदरं लागून राह्यले कोठीत," ते म्हणाले. "पेटी बरी हाय, झाकन घट्ट बसते. बी निघेपावतो कुठं जाऊ नको." आमच्याकडे त्या पेटीतलं बी कधीच संपलं नाही. बाबा दर वर्षी भरत राहिले.

सरपंचांनी सदरे परत मागितले. पण रंग निघत नव्हता आणि पोरी देत नव्हत्या. मग ते कामाचे कपडे झाले. कापूस वेचायला बाया ते सदरे चढवायच्या, आणि दिवाळीनंतर पांढऱ्या शेतात ठिकठिकाणी 'नायक श्रावण' वाकलेले दिसायचे. काका सायकलवरून जाताना घंटी वाजवायचे. जवळ आले की बाया सलाम ठोकायच्या, काही थट्टेनं, काही खरोखर. काकांनी दोन्हींत कधी फरक केला नाही.

त्या हिवाळ्यात काकांनी कित्येक वर्षांनी पहिल्यांदा दलीपला चिठ्ठी लिहिली. तोवर लिहिली नव्हती, त्याच्यावर बालंट नको म्हणून. सगळी हकिगत लिहिली, बैलासकट. उत्तर लवकर आलं, पोस्टकार्डावर, म्हणजे वाटेतल्या कोणीही वाचावं असं. त्यात होतं, 'भाई, एक मेरे लिए भी सिलवा दे. छाती चालीस. फीती तीन लगवाना, मैं हवलदार हो गया हूँ.' मी शिवला. कॉलर मायनं लावली, माझ्यावर भरवसा नव्हता तिचा. रंग राहिलाच होता. पार्सल गेलं आणि महिना झाला, दोन झाले, काही कळलं नाही. दलीपचं लगन झालेलं होतं, दोन लेकरं होती. पोस्टमनची सायकल वाजली की काकांच्या हातातलं काम थांबायचं.

होळीच्या आगेमागे कार्ड आलं. काका सांभाराच्या वाफ्यात पाणी देत होते. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, मग पुन्हा वाचलं, आणि माझ्या हातात दिलं. दलीपनं लिहिलं होतं: 'शर्ट मिला. पहना. घरवाली ने पूछा, इतना चटक रंग किसने भेजा. मैंने बता दिया, सब. दो दिन चुप रही. तीसरे दिन बोली, बटन ढीला है इसका, लाओ टाँक दूँ.'

पाणी वाफा फोडून बांधावर चाललं होतं, तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. काकांनी पंच्यानं तोंड पुसलं, डोळे पुसले, पुन्हा तोंड पुसलं आणि माझ्याकडे डोळे वटारून बघत म्हणाले, "काय वं बेबी, बटन ढिलं काऊन लावलं?"